तात्यांचा खोडवा

निवृत्त सुभेदार तात्या माझ्या कराडच्या ऑफिसात आले, की आधी टेबलावर सातबारा ठेवत. आधार कार्ड मागा, सातबारा. बँकेचा तपशील मागा, सातबारा. मी करसल्लागार; पण तात्यांच्या लेखी तलाठीच.

उंब्रजजवळ त्यांचा ऊस. फौजेतून परतल्यावर उसात उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ करायचा नाद लागला. खतांवर बोलता बोलता ते जावई, सरपंच, हवामान खातं, सगळ्यांची बिनपाण्यानं करत. लोकांना ते भलतंच आवडलं. जाहिरातींचे पैसे थेट खात्यात येऊ लागले. आणि कर? छे! शेतीच्या उत्पन्नाला कुठे कर असतो?

"सरीत हुबा ऱ्हातो, उसावर बोलतो. मग शेतीच की रं! आन् ऊस तोडल्यावर त्याच बुडख्याला खोडवा फुटतो, तसं येका व्हिडिओला परत परत पैसं फुटत्यात. लागण न्हाई, बेणं न्हाई!"

असा कायदेपंडित दिल्लीला मिळाला नाही, हे देशाचं दुर्दैव.

मग नोटीस आली. त्या दिवशी तात्यांच्या मिशासुद्धा उतरल्या होत्या. "फौजंत येक डाग लागला न्हाई अंगाला. आन् आता पारावर चोर म्हणत्यात मला." सातबारा हातात होताच. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. म्हणालो, "आवं तात्या, पैसे उसाचे नाहीत, जाहिरातींचे आहेत. भरून टाका, कोणी चोर म्हणणार नाही."

झालं! तात्यांनी मोबाइल काढला आणि माझ्याच पंख्याखाली, माझाच चहा पीत व्हिडिओ केला. "मंडळी, ह्यो बघा शिकल्याला लबाड. ऊस कशाला म्हणत्यात ठाव न्हाई, आन् आमाला कायदा शिकवतोय!" तो इतका गाजला, की भाजीवालीही मला 'लबाडसायेब' म्हणू लागली. धंद्याची अशी जाहिरात नशीबवानाचीच होते.

महिन्याभरानं तात्या आले. प्रथमच सातबारा नव्हता.

"तुझ्या व्हिडिओला लय पैसं आलं. समद्यात जास्त."

"अभिनंदन!"

"हितं सरी न्हाई, ऊस न्हाई." त्यांनी वर पंख्याकडे बोट केलं. "म्हंजे गड्या, पिकत हुतं ते रान न्हवं. माझं तोंड."

मागचा सगळा कर त्यांनी व्याजासकट भरला आणि पावती पारावर मोठ्यानं वाचून दाखवली. माझी फी मात्र काकवीच्या बाटलीत मिळाली; तीही अर्धी.

गेल्या हंगामात, ऊसतोड चालू असतानाच तात्या गेले. पैसे अजून येतात. आता त्यांचा मुलगा विवरणपत्र भरायला येतो. "काका, अजून तुमचाच व्हिडिओ जास्त चालतोय बघा," म्हणतो आणि मोबाइल समोर धरतो. 'ह्यो बघा शिकल्याला लबाड...' तो आवाज ऐकला की मी आधी चष्मा पुसतो. मग मला दिलेल्या शिव्यांच्या कमाईवरचा कर मीच मांडायला बसतो. लागण न्हाई, बेणं न्हाई. तात्यांचा खोडवा जोरात आहे.