टाचेला खडू

बाईंचा कुणाच्याही गिरकीवर विश्वास नव्हता. पोरीनं कितीही सफाईनं चक्कर घेतली तरी त्या तिच्या तोंडाकडे न बघता आधी जमिनीकडे बघायच्या. सिंदी मेघे गावातल्या त्यांच्या कथकच्या वर्गात काळी शहाबादी फरशी होती. प्रत्येकीच्या टाचेला त्या ओला खडू घासायच्या आणि चक्कर झाली की बॅटरी घेऊन खाली वाकायच्या. टाच जागच्या जागी फिरली तर फरशीवर टिकलीएवढा ठिपका उरायचा, सरकली तर फराटा. आम्ही त्यांना इन्स्पेक्टरबाई म्हणायचो. अर्थात पाठीमागं.

मी अल्लीपूरहून एसटीनं यायचे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये लावणीला शिट्ट्या मिळवलेल्या, त्यामुळं डोक्यात हवा. बाईंनी पहिल्याच दिवशी ती काढली. "काऊन वं, पंज्यावर फिरून राह्यली का? हे गॅदरिंगची गिरकी हाय. लुगड्याखाली काईबी खपते. इथं टाचेवर फिर."

पाच पायांची, म्हणजे पाच पावलं टाकत घ्यायची चक्कर त्यांना त्यातल्या त्यात मान्य होती. तिच्यात पावलं ऐकू येतात, एखादं गाळलं तर लगेच कळतं. एका पायाची चक्कर मात्र त्यांच्या लेखी चोरांचा धंदा. टाळ्यांवरसुद्धा भरवसा नाही. "लोकायले वेग दिसते, पाय नाई दिसत. टाळी वाजली का समजजो, काईतरी चुकलं."

मला बक्षीस-बिक्षीस नको होतं. या बाईच्या तोंडून एकदा 'बरोबर' ऐकायचं होतं, बस. त्यापायी मी घरच्या सारवलेल्या अंगणात फिरून फिरून खड्डा पाडला. आई म्हणायची, "तुह्या टाचेनं आता विहिरीचं पाणी लागन." एकदा फरशीवर ठिपका अगदी स्वच्छ उमटला. बाई बॅटरी धरून बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "खडू कमी लागला वाटते. पुन्हा घे." असा संताप आला! घरून मोबाइलवर व्हिडिओ काढून नेला, तर म्हणे, "मोबाइलात काईबी करता येते."

मग मलाही संशयानं पछाडलं. यांची भाची आमच्याच वर्गात होती. नक्कीच तिला पुढं काढायचं असणार, म्हणून मला दाबतात. पण वार्षिक कार्यक्रमात एकटीनं नाचायला बाईंनी मलाच उभं केलं, भाची मागच्या रांगेत. नाच संपल्यावर मी पाया पडले, तर वरून आवाज आला, "शेवटच्या चक्करमधी नजर कुठी होती तुही?"

गेल्या वर्षी बाई अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेले. हात काडीसारखे झालेले, डोळे मात्र तसेच टोचणारे. म्हणाल्या, "घे एक, पाहू दे."

खाटेजवळ जागा ती केवढी! अर्ध्यातच टाच घसरली आणि मी कपाटावर आदळले. आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले. बाई उशीवरून शांतपणे माझ्याकडे बघत होत्या.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "जाय आता, एसटी चुकन तुही."

मी तशीच आत धावले. भाची स्वयंपाकघरात चहा गाळत होती. मी तिला म्हटलं, "चहा राहू दे. आधी डॉक्टरांना बोलाव."