कमलला मेंढ्या काढायच्या नव्हत्या

शाळेत पाचवा तास चालू होता. सातवीच्या मुलांना मी पेला आणि लिंबू काढायला दिलं होतं. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, बारामतीवरनं फोन हाय." ऑफिसात जाऊन रिसीव्हर उचलला, तर पलीकडं कमलचा भाऊ. "लताताई, कमल गेली... सकाळीच." आठ दिवसांची कावीळ. ती आजारी असल्याचंसुद्धा मला माहीत नव्हतं. इंदापूरहून त्यांची वस्ती एसटीनं तासाभरावर, आणि वर्षभर मी तिकडं फिरकले नव्हते. एकतीस वर्षांची होती. गेल्या दीड महिन्यात तिच्याबद्दल जे काही छापून आलं, त्यातलं बरंचसं खोटं आहे. त्या खोट्याची सुरुवात माझ्यापासून झाली, म्हणून हे लिहिते आहे.

चित्रकला शिक्षक व्हायला आम्ही दोघी पुण्यात एकाच वर्गात होतो. तिचा हात माझ्यापेक्षा फार पुढचा होता, हे पहिल्या आठवड्यातच मला कळलं आणि खुपलंही. वर्षभरात तिची आई अंथरुणाला खिळली आणि कमल घरी परतली. मी शिक्षिका झाले. ती बारामतीच्या एमआयडीसीत एका डेअरीत दुधाच्या पिशव्या भरायच्या मशीनवर लागली. सकाळी भावाच्या मोटरसायकलवर मागं बसून जायची, पांढरी टोपी आणि ॲप्रन घालून आठ तास उभी राहायची. मला वाटलं, संपलं हिचं. पण एका रविवारी तिच्याकडं गेले, तर तिनं खाटेखालून पुठ्ठे ओढून काढले. डेअरीतल्या खोक्यांचे पुठ्ठे. त्यांच्यावर दुधाच्या मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या होत्या, आणि त्या टाक्यांच्या फुगीर अंगात दिसणारं सगळं... वाकलेली ट्यूबलाइट, ताणली गेलेली दारं, लांबुळक्या तोंडाच्या बायका. चंदेरी रंग कुठंच नव्हता. करडा, निळा, पांढरा, एवढ्यावर तिनं स्टील चमकवलं होतं.

"हे कसं सुचलं गं तुला?" मी विचारलं.

"सुचायचं काय त्यात? दिसभर त्येच बघती की. आरशात माणूस तोंड सावरून बघतं. टाकीत बघताना कुणी सावरत न्हाय."

मी भारावून गेले. पुण्याच्या एका कलासमीक्षकांशी माझी थोडी ओळख होती. गावाकडचे नवे चित्रकार शोधून त्यांना पुढं आणायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मी त्यांना गाडी करून वस्तीवर घेऊन आले. त्यांनी पुठ्ठे एकामागून एक पाहिले, पटपट, पत्ते पिसावेत तसे. मग बाहेर ओट्यावर बसलेल्या तात्यांकडं, म्हणजे कमलच्या वडिलांकडं, त्यांचं लक्ष गेलं. पूर्वी यांच्याकडं मेंढ्यांचा वाडा, म्हणजे मोठा कळप होता, हे वाटेत मीच त्यांना सांगितलं होतं. ते कमलला म्हणाले, "हे कारखान्याचं चित्र शहरातली कुठलीही मुलगी काढेल. तुमच्या रक्तात मेंढ्या आहेत. तुमची प्रेरणा तिथं आहे. त्या काढा."

शहरातली कुठली मुलगी त्या टाक्यांसमोर आठ तास उभी राहिली होती, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. मी मान डोलावली. ते गेल्यावर कमल म्हणाली, "मेंढरं मी बघितलीत कुठं गं? मी चालायला लागले तवाच तात्यांनी विकली ती. आमच्यात ऊस हाय." मी म्हटलं, "अगं, काढ. एकदा आत शिर, मग तुला हवं ते दाखव."

तिनं काढल्या. सोमेश्वरनगरकडं कुणाचा तरी मेंढ्यांचा वाडा मुक्कामाला उतरला होता, तिथं चार रविवार जाऊन बसली. तात्यांना समोर बसवलं. आता घरात घोंगडी नव्हती, म्हणून शेजाऱ्यांची मागून आणली. तात्या ती पांघरून उन्हात तासभर बसले आणि शेवटी म्हणाले, "पोरी, मी कवा असं तोंड पाडून बसलो व्हतो? मेंढरामागं हिंडताना आमी लई हसायचो." तिनं हसणारे तात्याही काढले होते. समीक्षकांनी तोंड पाडलेले निवडले.

पुण्यात तीन दिवस प्रदर्शन भरलं. कौतुक झालं, पेपरात आलं, 'मेंढपाळाची लेक' असं. कमल कोपऱ्यात उभी होती, हातात डबा घेऊन; रजा एकाच दिवसाची मिळाली होती. एका बाईंनी तिला विचारलं, "तुम्ही अजूनही मेंढ्यांबरोबर फिरता?" ती म्हणाली, "न्हाय, मी मशीनवर असते." बाईंचा चेहरा पडला. त्या दुसऱ्या चित्राकडं वळल्या.

पुढच्या वर्षी तिनं पुण्याला समीक्षकांकडं टाक्यांची चित्रं पाठवली. ती परत आली, सोबत चिठ्ठी होती की मेंढ्यांची मालिका पुढं नेली असेल तर जरूर कळवावं. ती चिठ्ठी घेऊन कमल एसटीनं इंदापूरला आली. शाळेच्या मैदानाकडेला आम्ही उभ्या होतो. तिनं विचारलं, "तू काय म्हणतीस?" ... मला तेव्हा फक्त एवढंच म्हणायचं होतं की तुझी चित्रं चांगली आहेत. मी म्हणाले, "आणखी एकदा मेंढ्या कर. नाव पक्कं होऊ दे." तिनं चिठ्ठी घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली, "बरं, जाते, गाडी चुकंल," म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिनं मला एकही चित्र दाखवलं नाही. ती भेटली की मला अवघडायचं. मग मी भेटणंच टाळलं.

इंदापुरात माझ्या शाळेत शोकसभा झाली. टेबलावर तिच्या फोटोशेजारी मेंढ्यांचं चित्र ठेवून त्यालाही हार घातला होता. वक्ते मातीबद्दल बोलले, रानाबद्दल बोलले. समीक्षकांनी पत्र पाठवलं होतं, ते मीच वाचून दाखवलं. मागं डेअरीतल्या सातआठ बायका उभ्या होत्या. सभा संपता संपता त्यांच्यातली एक, शकुंतलाबाई, मोठ्यानं म्हणाली, "तिनं आमची चित्रं काढलीती. रोज जेवणाच्या सुट्टीत काढायची. ती कुठायत?" व्यासपीठावर कुणालाच काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

पुढच्या रविवारी मी वस्तीवर गेले. चित्रं गुंडाळायला जुनी चादर आणि सुतळी बरोबर घेतली होती. पुण्यात तिचं मोठं प्रदर्शन करायचं, या वेळी टाक्यांचं, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. तिच्या खोलीत पाऊल टाकलं आणि थांबलेच. चारी भिंती भरल्या होत्या. तात्यांनी खिळे ठोकून सगळे पुठ्ठे लावले होते, काही जरा वाकडे. मला दाखवणं बंद केल्यावरही ती काढतच राहिली होती, तीस-पस्तीस तरी असतील. मी तात्यांना माझा बेत सांगितला.

ते शांतपणे म्हणाले, "न्हाय बाई. ती असताना पाठवली, तवा परत आली. आता पुण्याला एकबी जायाचं न्हाय."

"तात्या, लोकांनी बघायला नकोत का?"

"बघू द्या की. हितं येऊन बघू द्या. दार उघडंच असतंय. त्या डेरीतल्या बाया येत्यात, सुट्टीच्या दिवशी."

तेवढ्यात त्या आल्याच, दोघी-तिघी, पोरांना घेऊन. शकुंतलाबाईनं एका टाकीत ताणल्या गेलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि लेकीला म्हणाली, "ही मी. नाक बघ माझं." पोरगी हसली, मग तात्याही हसले. कमलच्या वहिनीनं सगळ्यांना चहा आणला, मलाही दिला. चहा पिताना मी एकेक चित्र नीट पाहत गेले. दीड वर्षाचं काम होतं ते, आणि मी ते आज पहिल्यांदा पाहत होते. शकुंतलाबाई सोबतिणीला सांगत होती, कुठलं चित्र कुठल्या पाळीतलं, त्या दिवशी डब्यात काय होतं आणि कमल कशावरून हसली होती. माझ्याजवळ सांगायला त्यातलं काहीच नव्हतं. चहा झाल्यावर मी चादर आणि सुतळीची पिशवी उचलली आणि पाचच्या एसटीनं इंदापूरला परत आले.