उभ्या गाडीचं ऑइल
आज पार्किंगमध्ये इंजिन ऑइलचा वास आला आणि शीळफाट्याचं गॅरेज आठवलं. हे गेल्यावर मी पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन तिथे गेलेले. ट्रकची धूळ बोनेटवर बसत होती. ओळखीच्या मेकॅनिकनं मीटर पाहिला. "वहिनी, गाडी फिरलीच नाही वाटतं." म्हटलं, मग ऑइल राहू दे. "नाही, बदलायला लागतं. उभ्या गाडीचंही खराब होतं." नवं ऑइल भरून त्यानं ते मोजायची पट्टी माझ्यासमोर धरली. मधासारखा रंग होता. ह्यांनाही दिसावं म्हणून मी सवयीनं बाजूला सरकले. तो पट्टी धरून तसाच थांबला. हल्ली दर रविवारी मी टेंभी नाक्यापर्यंत जाऊन येते. शेजारी विचारतात, कुठे? मी सांगते, ऑइल खराब होऊ नये म्हणून.