पोर सांभाळायला पोर

शेणव्याच्या थांब्यावर एसटी लागली तेव्हा मावशीनं आधी पिशवी चढवली, मग मला, आणि मी खिडकीशी टेकते न टेकते तोच स्वतःचं तान्हं माझ्या मांडीवर ठेवलं. "घे. आत्तापासून सवय होऊ दे." खाली आई उभी होती. एका हातानं पदर तोंडाशी धरलेला, दुसऱ्या हातानं मला काहीतरी खुणावत होती. मला वाटलं निरोप देतेय, म्हणून मीही हात हलवायला गेले, तर बाळाची मान कलंडली. "मान धर गो, मान!" आई ओरडली. ती तेच खुणावत होती. गाव सोडताना आईचं ऐकलेलं शेवटचं वाक्य हे असं, दुसरीच्या पोराबद्दलचं.

किन्हवली येईपर्यंत बाळ झोपलं. ते उठेल म्हणून मी मुरबाडपर्यंत मांडी हलवली नाही.

मी तेव्हा सहावी पास झाले होते. मावशी, आईची धाकटी बहीण, मुरबाडच्या एका सरकारी कचेरीत लिपिक. तिची बाळंतपणाची रजा संपलेली, काकांची ड्यूटी लांब. मग आमच्याकडे ठरतं तसंच ठरलं: मी बाळ सांभाळायचं, मावशी मला शाळेत घालणार. शेणव्यात हे वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. प्रत्येक आळीतून एखादी तरी अशी गेलेली आहे. आणि माझ्यासारख्या गेलेल्या ज्या आहात, तुम्हाला तर मान कशी धरायची हेही ठाऊक आहे.

मी आता पत्रकं लिहिते. नोकरदार बायकांच्या संघटनेचं काम करते, मुरबाडातच राहते. पत्रकात उद्गारचिन्हं फार असतात. इथे मला प्रश्नचिन्हं हवी आहेत, कारण काही गोष्टी मला खरंच अजून कळलेल्या नाहीत.

पहिली म्हणजे मी त्या घरात कोण होते? मावशीनं मला कधी मारलं नाही. शिळं वाढलं नाही. गावी भाकरी, इथे रोज चपाती. गावी ओहोळावर अंघोळ, इथे न्हाणीघराला कडी. दिवाळीला बाळाला आणि मला एकदमच कपडे यायचे. मोलकरीण म्हणावं तर मी भाची. भाची म्हणावं तर भाची सुट्टीत येते आणि सुट्टी संपली की जाते. एवढं मात्र आठवतं की त्या घरात मी एकदाही रुसले नाही. घरी मी पक्की रुसूबाई होते, उंबऱ्यात पाय पसरून बसायचे, आई हाक मारून मारून थकायची. मुरबाडला रुसून बसले असते तर बाळ कोणी घेतलं असतं?

दुसरी गोष्ट शाळेची. शाळा भरायची अकराला आणि मावशीची कचेरी उघडायची त्याच्या आधी. दोन्ही सुटायच्या संध्याकाळीच. हा पेच शेणव्याच्या थांब्यावर कोणाच्या डोक्यात आला नव्हता, मावशीच्याही नाही. ती काही खोटं बोलली नव्हती. पण आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागे जांभळीखाली मला आणखी दोघी भेटल्या. खर्डीची मंदा आणि किन्हवलीची सुगंधा. दोघींच्या कडेवर एकेक सरकारी बाळ. आम्ही आपसांत पाळी लावली. एकीनं तिन्ही पोरं घेऊन बसायचं, दोघींनी शाळेत पळायचं. ज्या दिवशी जी राहील तिला संध्याकाळी बाकीच्या दोघी वह्या दाखवणार. सुगंधानं जांभळीच्या फांदीला झोळी बांधली, मंदा तिघांना एका ताटलीत मऊ भात भरवायची आणि भांडायची, "तुझ्या साहेबाचं पोर माझ्या साहेबाच्या पोराचा घास खातंय गो!"

मुरबाडातलं सरकारी पाळणाघर. चालवणाऱ्या आम्ही, वय बारा.

एकदा मावशी ताप भरला म्हणून लवकर आली. मी वर्गात होते. बाळ झोळीत, झोळीची दोरी मंदाच्या पायाच्या अंगठ्याला, मंदा भूगोल वाचतेय. मावशी आधी भडकली. मग पायरीवर बसली म्हणे. मी आले तेव्हा एवढंच बोलली, "चालू द्या. पण कोणाला बोलू नका."

का बोलू नका? हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. कोणापासून लपवायचं होतं तिला? बोलली असती तर कदाचित तेव्हाच कचेरीत एखादी खोली मिळाली असती. की पोर आहे म्हणून कामात कच्ची, असा शिक्का बसला असता?

बाळ बोलायला लागलं ते शेणव्याचं. "नाय जेवनार, आमी नाय." मावशी वैतागायची, "अरे नाही म्हण, नाही!" आज ते दांडगं आठवीत आहे, मोबाईलवर फाडफाड इंग्रजी बोलतं, पण चिडलं की "नाय"वर येतं. मी हसते. मावशी हसत नाही.

संघटनेत आल्यावर मी कचेऱ्यांतून एकच प्रश्न विचारत फिरले: तुमचं मूल आत्ता, या मिनिटाला, कुठे आहे? बाया लगेच सांगतात. आईकडे, सासूबाईंकडे, शेजारी, "एक मुलगी आणलीय गावाकडची." एका साहेबांना विचारलं तर म्हणाले, "असेल की घरी." कोणाजवळ? त्यांनी बायकोला फोन लावून विचारलं. बायको म्हणाली, "आज आठवण झाली का?" स्पीकर चालू होता. सगळा विभाग हसला, पण ती फोनवर सांगत होती तेही गावच्या मुलीचंच नाव.

म्हणून आमची मागणी: कचेरीत पाळणाघर, खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायचा, सांभाळायला मोठ्या वयाची, पगारी बाई. यावर सगळ्यात टोकदार बोलली ती माझी आई. "पगार हाय, पेन्शन हाय, वर पाळणा पन सरकारचाच? आमी भाताच्या आवणीला जायचो तं तू बांधावर झोळीत असायचीस. मला कोनी दिला पाळणा?" मी पत्रकातलं उत्तर दिलं, की सगळ्यांनाच मिळाला पाहिजे, सुरुवात कुठून तरी होऊ दे. तिनं तांदूळ पाखडणं थांबवलंसुद्धा नाही. उत्तर खोटं नव्हतं, पण पुरं नव्हतं, ते मलाही कळत होतं.

पुरं उत्तर यंदा मे महिन्यात मावशीच्या फोननं दिलं. "आमच्या कचेरीत नवी मुलगी लागलीय, गुणी आहे गो. तिची बाळंतपणाची रजा संपतेय. तुझ्या भावाची सोनल सातवी झाली ना? तिला पाठवायचं बघ. तुझ्यासारखी शिकेल."

मी म्हटलं, "मावशी, याला बालमजुरी म्हणतात."

"मजुरी?" ती खरंच दुखावली. "मी तुला कधी मजुरी दिली?"

मला हसू आलं. मजुरी दिली नाही, म्हणून ती मजुरी नव्हती!

तेव्हा आईला द्यायचं उत्तर सापडलं. सरकारनं पाळणाघराला पैसे द्यावेत का, हा वाद घालणारे एक विसरतात: सरकारी बाईच्या पाळण्याला अनुदान कधीपासूनच चालू आहे. ते शेणवा देतो. खर्डी देते, किन्हवली देते. पोरींच्या रूपानं देतात, सहावी-सातवीतल्या. कचेरीतल्या खोलीचा खर्च सरकारनं उचलला तर फायदा मावशीला होईल, खरं आहे. पण सुटका सोनलची होईल.

मी शेणव्याला गेले. घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण मी गेलेली आणि शिकलेली, म्हणजे मीच पुरावा. दादा म्हणाला, "तू म्हनशील तसं." आणि सोनलची पिशवी भरून तयार! तिला जायचं होतं. "आत्या, तिथं नेट फास्ट असतं ना? क्वार्टरमधे खेळायला कोन असतं?"

"बाळ असतं."

"आनि?"

"आणखी बाळं असतात."

मग तिनं सरळच विचारलं, "तुला आवडलं व्हतं का?"

पत्रक लिहिणारीला याचं उत्तर पाठ असायला हवं. मी आठवत गेले. मंदा आवडली होती, जांभळीखालचा भूगोल आवडला होता, बाळाच्या टाळूचा वास आवडला होता. तिथे गेले नसते तर मी आज काय असते, मला माहीत नाही. हे सगळं मी तिला सांगितलं. आणि शेवटी सांगितलं, "तरी तू जायचं नाहीस. आठवी किन्हवलीला कर, बसचा पास काढू."

आई एवढंच बोलली, "मी तं तेव्हा पन मान धर म्हटलं, जा नव्हतं म्हटलं." आणि चुलीकडे वळली.

सोनलनं पिशवी भिंतीवर आपटली. मी निघाले तेव्हा थांब्यावरही आली नाही.

मग व्हायचं ते झालं. गावाकडची मुलगी आली नाही, म्हणून मावशीच्या कचेरीतली ती नवी मुलगी पहिल्याच दिवशी बाळ घेऊन हजर. दुपारी मावशीचा फोन, मागे रडण्याचा आवाज. "ये गो लवकर. पोर माझ्या मांडीवर, फाईल निघत नाय, साहेब बाहेर येऊन बघून गेले." 'नाय' म्हणाली, मावशी!

"साहेब काय म्हणाले?"

"मागची खोली कोनाची, विचारत होते. खुर्च्या मोडक्या भरल्यात. तुझं ते पत्रक घेऊन ये. आणि मी सांगते त्यांना."

"काय सांगशील?"

"जांभळीचं," ती म्हणाली.

खोलीतल्या खुर्च्या आता हलल्या आहेत. पाळणाघर अजून नाही. सांभाळणाऱ्या बाईचा पगार कोणत्या खात्यातून, यावर गाडी अडली आहे, आणि ती ढकलत राहणं माझं काम आहे. ते होईपर्यंत बाळ मावशीच्या टेबलामागे झोपतं.

गावाकडच्यांनो, तुम्ही विचारता, तुझं घर आता कुठलं? मुरबाडला माझी खोली आहे, गॅस आहे, दाराला माझंच कुलूप. शेणव्याला गेले की मला पाहुणीचा चहा मिळतो. बरीच वर्षं मला वाटायचं, घर हरवलं ते हरवलं.

परवा दादाला फोन केला. म्हटलं, सोनलला दे.

"नाय येत," तो म्हणाला. "अजून रुसलीय तुझ्यावर. उंबऱ्यात पाय पसरून बसलीय, आई हाका मारतेय."

मी म्हटलं, बसू दे. फोन ठेवू नको, जरा तिकडे धर. आईच्या हाका मला ऐकू येत होत्या.