फाट्यावरची सिमेंटची कढई

सकाळची एसटी धाराशिवहून सुटली तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीशी गप्प बसून होते. भूमकडच्या आमच्या गावी त्यांनी जन्मभर भट्टीवर (खव्याच्या चुलीवर) दूध आटवलं. त्याच भट्टीनं मला शिकवलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, हे सांगताना माझी मान ताठ होते. यंदा डॉक्टरांनी धुराला मनाई केली. भट्टी विझली, आण्णांना मी शहरात आणलं आणि ते बोलायचेच थांबले. म्हणून भूमजवळ खव्याच्या धंद्याचं शिल्प उभारल्याचं कळलं तशी त्यांना घेऊन निघाले.

येडशीचा घाट मागं पडला. दोन्ही अंगांना ज्वारी, मग पेढ्यांची दुकानं.

फाट्यावर उतरलो. सिमेंटची भलीमोठी कढई, तिच्याशी बसलेला सिमेंटचाच माणूस, हातात उलथनं. कढईत शेळीचं काळं पिल्लू निवांत झोपलेलं.

"ह्याचा खवा लई काळा निघंल," आण्णा म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांनी चेष्टा केली. मग निरखून म्हणाले, "पर गड्याचा हात थांबलाय. करपणार."

शेजारच्या पेढ्याच्या दुकानातल्या बाई हसल्या. "करपलाच की. ते आमचंच मालक हायती. शिल्पवाल्यानं फोटोपुरतं हलू नका म्हटलं, तर ह्ये बसलं तसंच. आख्खी कढई गेली."

त्यांनी आम्हाला मागं भट्टीवर नेलं. भट्टीवर आलेल्यानं रामरामाआधी हात द्यायचा, ही आमच्याकडची रीत; हलवणाऱ्याला तेवढाच विसावा. आण्णा बाह्या सारत आत शिरले आणि दारातच थबकले. आत गॅसवर नवीकोरी कढई मोटारीनं आपोआप फिरत होती, पातं खवा खरवडत होतं. मालक खुर्चीत बसून चहा पीत होते. धूर कुठंच नव्हता.

मी धास्तावले. मशीनचा खवा म्हणजे खवाच न्हाय, असं आण्णा वर्षानुवर्षं म्हणत आलेले. बाईंनी त्यांच्या तळहातावर ऊन खवा ठेवला. त्यांनी तो जिभेवर घोळवला.

"दाणा बरा पडलाय," म्हणाले आणि मालकांशेजारी बसले. मग मशीन कुठनं आणली, बिघडली तर बघतं कोण, विचारता विचारता आमची एक एसटी गेली.

परतताना मी विचार करत होते. बंद पडलेल्या कामांचीच स्मारकं होतात, असं मला वाटायचं. आमच्या मुलखात स्मारकामागं कढई अजून तापलेली आहे, याचा मला अभिमान वाटला.

येडशी आली तसं आण्णांनी मला हलवलं. "ताई, आपल्या गावच्या गोठ्यातली लाईट मशीनीला पुरंल का, तेवढं कुणाला तरी इचार."