बंदोबस्तातला व्हायवा

वाळूजला कारखाने उभे राहत होते, पतीच्या पाळ्या वाढत होत्या, आणि त्यातून उरलेल्या रिकाम्या संध्याकाळींच्या बळावर मी चाळिशीनंतर पीएच.डी.ला बसले. प्रबंध लिहिणे जमले. चारचौघांत मात्र माझा आवाज घशातच राहत असे, आणि पदवी तर आता बोलण्यावरच अडली होती. त्यामुळे व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, नेमका विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदच्या दिवशी आला, तेव्हा मला अशोभनीय आनंद झाला. सभागृह रिकामे राहणार होते.

परंतु व्हायवा खुला असावा असा नियम होता आणि माझे मार्गदर्शक नियमाचे पक्के होते. परीक्षक आदल्याच दिवशी गावात पोहोचले होते. उणीव होती ती श्रोत्यांची. मार्गदर्शक फाटकापाशी गेले आणि बंदोबस्ताच्या पोलिसांनाच सावलीचे आमिष दाखवून घेऊन आले. भिंतीला काठ्या टेकवून खाकी श्रोतृवर्ग स्थानापन्न झाला.

मी फळ्याशी कुजबुजू लागले. जनरल स्पिन ग्रूप हा फिरण्याच्या सममितींचा एक समूह; त्याचा सारा तपशील रूट डेटम नावाच्या आराखड्यात मावतो. आराखड्याच्या दोन बाजूंची केवळ अदलाबदल केली की ड्युअल ग्रूप मिळतो.

"म्याडम, जरा मोठ्यानं," मागून हवालदार म्हणाले. "नुसती जागा बदलली की गडी बदलतो व्हय?"

"समूह बदलतो. इकडचे लांब रूट, म्हणजे मूळ, तिकडे आखूड होते."

"आमचं तसं नाय. कुठं बी धाडा, उभंच ऱ्हायचं."

परीक्षक हसले. मीही हसले, आणि विषम मितीत ड्युअल ग्रूप अगदी वेगळ्या कुळातला का निघतो, या मुख्य मुद्द्याकडे वळले. तोच बाहेर शिट्टी वाजली. सगळे पोलीस उठले. ज्या रिकाम्या खुर्च्यांची मी आस धरली होती, त्या अखेर समोर अवतरत होत्या.

"बसा! सिद्धता अजून राहिली आहे!" कोणीतरी खणखणीत आवाजात म्हणाले. ती मीच होते, हे मला मार्गदर्शकांच्या चेहऱ्यावरून कळले.

हवालदार दारात थबकले. "तुम्ही व्हा रे पुढं. म्याडमचं आवरलं की आलोच."

टोपी मांडीवर घेऊन ते एकटेच बसले. मी त्यांच्याकडे पाहत, मागच्या भिंतीपर्यंत पोहोचेल अशा आवाजात सिद्धता पूर्ण केली. परीक्षकांनी पदवीची शिफारस केली. गणिताविषयी त्यांनी दोन संयत वाक्ये लिहिली; उमेदवाराचा श्रोत्यांवरील ताबा मात्र असामान्य असल्याचे आवर्जून नोंदवले.