पडद्यावरची पिल्लं

भूमच्या महारुद्रला लग्नाच्या शूटिंगला बोलावणं म्हणजे जिवाला घोर. इकडं हळद लागायची आणि याचा कॅमेरा मांडवाच्या बांबूवर बसलेल्या चिमणीकडं वळलेला असायचा. एका नवरीच्या बापानं तर त्याच्या फोटोच्या दुकानात येऊन त्याचा उद्धार केला होता, पोरगी कमी आणि पाखरंच जास्त आलीत म्हणून. महारुद्र नुसता हसला. लग्नं पोटासाठी होती, जीव माळावर होता.

माहितीपट हा शब्द तिथं फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. बायको शिवांजली विचारणाऱ्यांना सांगायची, हे पिच्चर काढतात, पण त्यात हिरो नसतो. पहिला त्यानं तेर गावातल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांवर काढला. दुसरा माळढोकावर काढायला घेतला. पक्षी काही दिसला नाही, म्हणून त्याची वाट बघणाऱ्या माणसांवरच तो पुरा केला. गडी असा चिवट होता.

त्याचा एक नेम होता. फिल्म पुण्या-मुंबईला जायच्या आधी ज्यांच्यावर काढली त्यांच्या गावात, देवळाच्या भिंतीवर चादर ताणून दाखवायची. लोकांचे चेहरे न्यायचे आणि त्यांनाच दाखवायचे नाहीत, ही चोरी झाली, असं तो म्हणायचा. या नेमाचा त्याला अभिमान होता, आणि याच नेमानं त्याचा घात केला.

तिसरी फिल्म लांडग्यावर होती. माळावर मेंढरं राखणाऱ्या सारजाबाईला लांडगीची गुहा ठाऊक होती. कधीमधी एखादं कोकरू गेलं तर तिच्या घरात कुणी आकांत करत नसे. त्याचा वाटा त्यानं नेला, असं म्हणून कळप पुढं निघायचा. पण गुहा दाखवायला म्हातारी काही केल्या तयार होईना. महारुद्र दोन उन्हाळे तिच्या कळपामागं हिंडला, तिच्या हातची भाकरी खाल्ली, तेव्हा कुठं ती विरघळली.

"जागा कुणाला कळू द्यायची न्हाय," ती म्हणाली.

"शब्द देतो, मावशी."

आणि त्यानं शब्द पाळला, निदान त्याला तसंच वाटलं. फिल्ममध्ये गावाचं नाव घातलं नाही, शिवांजलीलासुद्धा जागा सांगितली नाही. लांबच्या बांधाआड, अंगावर घोंगडं घेऊन तो भर उन्हात पालथा पडून राहायचा. पिल्लं बाहेर यायची, एकमेकांची शेपूट धरून ओढायची, आईच्या अंगावर चढून घसरायची. एका संध्याकाळी सगळं जुळून आलं. खडकावर पिल्लं, त्यांच्या केसांवर उतरतं ऊन, आणि मागं एक पवनचक्की, पातं न् पातं लख्ख. पवनचक्कीचा त्यानं विचारच केला नाही. त्या माळावर त्या पैशाला पासरी होत्या, आणि पुण्याच्या माणसाला सगळ्या सारख्याच दिसणार होत्या.

पण फिल्म आधी पुण्याला जाणार नव्हती ना.

गावात फिल्म दाखवली तेव्हा सारजाबाई मेंढरं घेऊन दूर चाऱ्याला गेली होती. बाकी सगळा गाव देवळापुढं जमला. स्वतःच्या शेळ्या भिंतीवर बघून बाया लाजल्या, म्हातारे खूश झाले. पिल्लांचा प्रसंग आला आणि सगळे पुढं सरकून बघायला लागले. तेवढ्यात पुरुषांतून कुणीतरी सहज म्हणालं, "ती तुटक्या पात्याची चक्की बिभीषणच्या रानातली न्हाय का?"

महारुद्रनं गर्दीत बघितलं. बिभीषण समोरच बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या शेळ्या लांडग्यानं नेल्या होत्या आणि घर शेळ्यांवरच चालत होतं. फिल्म तिथंच बंद करावी असं महारुद्रला वाटलं. पण लोक रंगले होते, टाळ्या पडत होत्या, आणि त्या टाळ्या त्याला हव्या होत्या. नंतर चहा झाला, कौतुक झालं. एवढं गोड बघितल्यावर कुणाचा हात उचलेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि घरी गेला.

धीर न निघून तो पुन्हा माळावर पोचला तोवर उशीर झाला होता. गुहेच्या तोंडाशी दगड रचले होते, दगडांवर काजळी धरली होती. पुढं जळक्या काट्यांची राख होती आणि त्या राखेत लांडगीच्या पायांचे ठसे होते, गोल गोल, पुन्हा पुन्हा उमटलेले. पिल्लं आत होती. आई बाहेर राहिली होती.

सारजाबाईला आपणच सांगायचं, दुसऱ्याच्या तोंडून कळू द्यायचं नाही, असं ठरवून तो तिच्या कळपाचा माग काढत गेला. तिला आधीच कळलं होतं. तिनं त्याला बाभळीखाली बसवलं, पाणी दिलं. तो माफी मागायला लागला तर हातानं थांबवलं.

"दाव मला," ती म्हणाली. "म्या बघितलंच न्हाय."

त्यानं लॅपटॉप उघडला. उन्हानं दिसेना, म्हणून दोघांनी डोक्यावरून घोंगडं घेतलं. पिल्लू शेपूट ओढताना कोलमडलं तशी म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा बघितलं. मग तिनं पडद्यावरच्या पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"लई झ्याक काढलंयस, लेकरा," ती म्हणाली. "जरा वंगाळ काढलं असतंस, तर वाचली असती."

ती रागानं बोलली नव्हती, टोमणाही नव्हता. दिसलं ते तिनं सांगितलं आणि मेंढरं पांगली म्हणून ती उठून गेली. महारुद्र घोंगड्याखालीच बसून राहिला आणि लहान पोरासारखा रडला. समोर पिल्लं खेळतच होती.